तें

चंदगडहून शिरोड्याला आले लग्न करून
तेव्हा वाटलं, भाषा काय, शेजारचीच.
मग पर्णा झाली
आणि जाऊबाई विचारू लागल्या,
तें न्हिदलें? तें जेवलें?
जणू पाळण्यात लेक नाही,
फळ ठेवलंय पिकायला.

इथे मुलगी आधी तें असते.
ती व्हायला वेळ लागतो, बहुतेक लग्नाएवढा.
मी हट्टानं ती म्हणत राहिले.

चार वर्षांची झाली
आणि पर्णानं स्वतःच शिरगणती मांडली.
केस लांब, ती. म्हणून माड ती.
मिशा, तो. म्हणून मांजर तो, झुरळ तो, सोलायला घेतलेली कोळंबीसुद्धा.
झगा, ती. म्हणून रविवारी
इगर्जीच्या पायऱ्या उतरणारे पाद्री जुझे:
"आई, केवढी उंच ती!"
पाद्रींनी ऐकलं. झगा सावरत हसले.

लहानपणी तू मुलगा होतीस?
बाबा मोठे झाले की आई होणार?
मी केस कापले तर माझं नाव कोण घेणार?
डाळ शिजेपर्यंत एवढं.
उत्तरं मी कुकरच्या शिट्टीवर सोडली.

जत्रेच्या रात्री काल्यात कुष्टा राणी झाला.
वनवासाला निघाला.
पर्णा माझ्या मांडीवर, पापणी न लववता.
"ती रडतेय," म्हणाली, आणि स्वतःही रडली.
सकाळी दारात गॅसवाला,
खांद्यावर सिलिंडर,
डोळ्यांत राहून गेलेलं काजळ.
ती बघतच राहिली. मग हळूच,
"तू तिला कुठे ठेवलंस?"
कुष्टानं पावती फाडली, सुट्टे मोजले.
"पेटयेंत आसा," म्हणाला.
तिला पटलं.

शिगम्यात दत्तेशनं तिच्या हातातून
घुमट काढून घेतलं. हें चल्यांचें.
सहा वर्षांचं पोर, कुणी शिकवलं?
मी घरभर विचारलं. कुणीच नाही.
खरंच कुणी काही बोललं नव्हतं.
फक्त सहा वर्षांत त्याच्यासमोर
एकाही बाईनं घुमट उचललं नव्हतं.
मीही नाही.

दुपारी घर निजलं
आणि मागच्या खोलीतून
धप्प.
बराच वेळ काही नाही.
धप्प धप्प.

संध्याकाळी तळवे लाल करून आली.
"आई, मी आज तो होते."

मी पहिलीला मराठी शिकवते.
असली वाक्यं रोज सुधारते, लाल शाईनं.
हिच्या वाक्यात हात घातला
तर चुकलेला शब्दच सापडेना.

तळव्यांना खोबरेल चोळत होते
तेवढ्यात जाऊबाईंची हाक,
तें खंय गो?

हांगाच आसा,
म्हटलं मी.