उभं ठेवायचं

आडवं टाकायचं नाही, हेडलीने फोनवर तीनदा बजावलं.
स्वतः आडवा, सेंट जॉन्सच्या इस्पितळात,
कमरेत नवा सांधा,
आणि घोर कसला, तर दीडशे अश्वशक्तीच्या त्या धुडाचा.
"आतलं पाणी खाली उतरू दे, एफी.
वाटीभर जरी राहिलं
तरी गोठून फुगेल, गिअरचं घर तडकवेल."
बरं, म्हटलं.
एकोणतीस वर्षं कारखान्यात कॉड कापलाय मी,
काट्याला धक्का न लावता मांस सोडवता येतं मला.
पण दोनशे वीस किलो?

साखळीची कप्पी आख्ख्या खाडीत एकच.
लिअँडरकडे.
माझा दीर. चार वर्षांचा अबोला.
त्याचं जाळं एका रात्री कुणाच्या तरी बोटीने फाडलं
आणि हेडली म्हणाला, माझ्या नाही.
आईची शपथ घेऊन म्हणाला,
आणि आई दोघांची एकच.

मागायला मी गेले नाही.
दुकानात पिठाची पिशवी उचलताना
नुसतं मोठ्याने म्हणाले, शनिवारी बर्फ धरणार म्हणे.
शुक्रवारी उजाडता तो दारात, खांद्यावर साखळी.
टोपी काढली नाही त्याने.
मीही चहाचं विचारलं नाही.

आधी इंजिनाच्या दोन्ही गालांना रबरी कानटोप्या लावून
गोडं पाणी पाजलं,
बाहेरची धार कोमट होईतो.
मग बॅटरी: काळी वायर आधी, लाल नंतर.
सुटलेल्या प्रत्येक टोकाला मी वेगळ्या रंगाची लोकर बांधली.
त्याने एकदा पाहिलं. हसला असेल, दाढीत कळत नाही.

टोपणाला धरून उचलायचं नसतं, तो नुसता चेहरा.
वजन पेलते ती कडी आत असते, फ्लायव्हीलच्या डोक्यावर.
तिच्यात आकडा अडकवण्याआधी
त्याने शेडच्या तुळईवर मूठ आपटली,
कान लावून ऐकलं,
आणि खाली आणखी एक टेकू दिला.

नंतर शब्द असे:
हळू.
थांब.
तुझ्याकडे.
खाली हात नको.

मध्येच ते हवेत गर्रकन फिरलं,
त्याने माझा दंड धरून मागे ओढलं
आणि लगेच सोडून दिला.

हेडलीने ऑगस्टमध्ये घोडा करून ठेवला होता,
दोन इंची फळ्यांचा, कारखान्याच्या ढकलगाडीची चाकं लावून.
एक चाक किरकिरतं. त्यावर ते उतरलं, उभं,
आणि पट्ट्याने भिंतीच्या खांबाला आवळलं.
गिअरचं तेल कढईत काढताना
आम्ही दोघंही वाकलो.
दुधाळ असतं तर पाणी शिरलं असं समजायचं.
काळं होतं. स्वच्छ काळं.

राहिला पंखा.
पुढच्या वर्षी काढू, हेडली दर वर्षी म्हणायचा.
लिअँडरने नट फिरवला, पंखा ओढला,
आणि दांड्यावर, सीलच्या अगदी तोंडाशी,
घट्ट गुंडाळलेला सुतळीचा वेढा.
हिरवी.
आमची निळी असते.

त्याने पक्कड घेतली नाही. नखाने सोडवली,
एकेक वेढा, न तोडता,
जसा गाठोड्याचा दोरा पुन्हा वापरायला ठेवतात.
मी लोकरीच्या गुंडीकडे बघत राहिले.
मग ती त्याने खिशात घातली,
दांड्याला बोटाने ग्रीस लावलं,
कडेकडेने, हावरट जागा राहू न देता,
आणि म्हणाला, "उंदरांसाठी साबण ठेव आत. वायरी खातात."
हे चार वर्षांतलं सगळ्यात लांब वाक्य.

कप्पी त्याने नेली नाही.
तुळईला तशीच लटकते आहे,
मेमध्ये परत चढवायचंच आहे म्हणा.

रात्री फोन आला.
उभं आहे ना?
उभं आहे.
कोणी उचललं?
कप्पीने, म्हटलं.
पलीकडे बराच वेळ इस्पितळाचं कसलंतरी यंत्र वाजत होतं.
मग तो म्हणाला,
"पंखा काढलात?"