आडवी भिंत

मलप्रभेच्या काठची चिखलाची ढेप
डालड्याच्या डब्यात घालून आणली सातेरी घाडीनं,
खानापूरच्या बसला उभ्यानं.
कंडक्टर म्हणाला, ह्येचं तिकीट कोण काढणार?

स्लाइडवर एक थेंब.
आधी नुसता गुंता, सोडलेल्या वेणीसारखा,
पिवळसर हिरवा,
खत कमी पडलेल्या भाताचा असतो तसा.
बारीक चाक फिरवलं
आणि एक नळी. लांबच लांब.
"मॅडम, पेशी संपते कुठं?"
"संपत नाही," देवलतकर मॅडम म्हणाल्या,
"एकच आहे ती. केंद्रकं शेकडो,
मधे आडवी भिंत नाही."

आयोडीन टाकलं. निळं झालं नाही.
पिठाची कणगी भरत नाही हे घराणं,
तेलाचे थेंब जपतं.

मागून फकीराप्पा डोकावला,
काचेची भांडी विसळता विसळता म्हणाला, "पाची."
सातेरी म्हणाला, "शेवाळ."
वहीत दोन्ही लिहिलं
मधे स्वल्पविराम न देता.

मग सुई लागली.
नळी फाटली, हिरवे कण बाहेर सांडले
मेळ्यातल्या पोरांसारखे, कुणाचे कोण कळेना.
डबा खाऊन परत बघतो तर
फाटल्या कडेला पडदा धरलेला,
पातळ, पण भिंतच.

"आकृतीत ही काढू?"
मॅडम चष्मा पुसत राहिल्या.
"काढ. पण सुई कुठं लागली
तेही दाखव."

उरलेला चिखल त्यानं धुतला नाही.
उत्तरेच्या खिडकीत ठेवला डबा,
वर दोन बोटं पाणी.