करवतीचे ओठ

मिकी गावात आमचा कारखाना, करवतींचा.
वडील पोलादाला दात पाडायचे,
मी त्या दातांना मोटार जोडली.
जाहिरातीत एक हसरा माणूस
मनगटाएवढी फांदी लोण्यासारखी कापतो.
कापून झाल्यावर तो करवत कुठे ठेवतो,
ते चौकटीबाहेर राहिलं.

मार्चमध्ये उत्तरेला गेले, त्सुगारूला.
सफरचंदाच्या बागेत कंबरभर बर्फ,
शिडीच्या तिसऱ्या पायरीवर तोमिए कासाई, वय बहात्तर.
मला वाटलं होतं, ती झाडांशी बोलत असेल.
ती फांदीकडे बघते, नाक ओढते आणि कापते.

दुपारी ट्रकमध्ये चहा ओतताना तिची बाही सरकली.
मनगटाच्या वर ठिपक्यांची ओळ,
मुंग्या शिस्तीत निघाव्यात तशी.
"कामात नाही लागलं," ती म्हणाली.
"काम करताना माणूस जागा असतो.
हिला सीटवर टाकली होती,
अंधारात मी थर्मास चाचपत होते."

ठिपके मोजले. अकरा.
दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजावं लागलं नाही:
चार मिलिमीटर. आमच्याच कारखान्याचं माप.
आपलेच दात, आपलेच ओठ,
बोल कुणाला लावणार?
मी निवलेला चहा पिऊन टाकला.

"पण आम्ही सोबत म्यान देतो की," मी म्हटलं.
"हो, प्लास्टिकचं. नारिंगी.
पहिल्याच आठवड्यात बर्फात पडलं.
मे महिन्यात सापडलं,
तोवर त्यात गोगलगाय राहायला आली होती."

परत येऊन मी पातं मुठीत मिटवलं, चाकूसारखं.
बिजागरी, खटका, खटक्यावर लाल बटण;
पातं आत असेल तर मोटार मुकी.
नमुना पाठवला. तीन आठवड्यांनी परत आला,
पातं उघडंच,
बिजागरीभोवती फांद्या बांधायच्या सुतळीचे सात वेढे.
सोबत चिठ्ठी:
"हातमोज्यात बोट जाड होतं, बटण बारीक.
शिवाय संध्याकाळी पाचला
माझ्याकडे शहाणपण शिल्लक नसतं.
दिवसभराचं सगळं झाडांवर खर्च होतं."

सुतळी मी सोडली नाही. टेबलावर तशीच ठेवली.

मग रात्री ड्रॉइंग बाजूला सारून
तिची संध्याकाळ आठवत बसले, हालचालीगणिक.
शिडी खाली आली. बूट झटकले.
करवत ट्रकमध्ये फेकली, आ वासलेली...
थांब. त्याच्या आधी.
फेकण्याआधी तिने बॅटरी काढली होती
आणि कोटाच्या आत, पोटाशी धरली होती.
गारठ्यात बॅटरी मान टाकते,
रात्री तिला घरात, स्टोव्हजवळ न्यावं लागतं.
हे ती विसरत नाही. तिथे कुणीच विसरत नाही.
आजचं पातं विसरतात,
उद्याचं काम नाही विसरत.

म्हणून आता बॅटरीच्या कुलपाला एक जीभ आहे,
पोलादाची, सव्वीस ग्रॅमची.
पातं आत गेल्याशिवाय ती हलत नाही,
ती हलल्याशिवाय बॅटरी सुटत नाही.
लाल बटण गेलं. त्याजागी रुंद खटका,
जाड मोज्यातल्या अंगठ्याच्या मापाचा.
बाकी कसली सूचना नाही, पाटी नाही,
कुणी काही लक्षात ठेवायचं नाही.

वडिलांनी नमुना हातात घेतला.
उघडला, मिटला. परत उघडला.
"जन्मभर नुसते दातच दिले आपण,"
एवढं म्हणाले
आणि स्वच्छ असलेला चष्मा पुसत राहिले.

परवा तोमिएचा फोन. तक्रार एकच.
मिटताना खट् असा आवाज येतो, फार मोठा,
ट्रकमध्ये झोपलेलं मांजर दचकतं.
मी वहीत लिहिलं: आवाज. मांजर.
"आतून रबर लावून देऊ का?"
ती जरा थांबली.
छपरावरून बर्फ घसरल्याचा धप्प आवाज
माझ्यापर्यंत आला.
"नको," ती म्हणाली. "मांजर शिकेल."