ओळखीच्या वासाचं कापड

आधी मी एकटीच काट्यावर,
मग कोकमला उचलून घेऊन.
दुसऱ्यातून पहिला वजा:
पाच किलो सहाशे.
पिशवीचं दीड धरलं तर सातावर शंभर ग्रॅम.

फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली होती,
सातच्या आत असेल तर तुमच्या पायाशी, मॅडम,
नाहीतर खाली, पोटात.
कुणाच्या पोटात, ते मी विचारलं नाही.

कुर्ल्याच्या या चौथ्या मजल्यावरून
विमानं अशी जातात की चाकं मोजावीत.
मांडणीतली भांडी खुळखुळतात,
टीव्हीवरचा माणूस अर्धं वाक्य गिळतो,
आणि कोकम खिडकीच्या जाळीला नाक लावून,
कबुतराला बघून करते तसा
दातांचा बारीक कटकट आवाज करते.
नऊ वर्षांत तिने त्यातलं एकही सोडून दिलेलं नाही.
एकही मिळालेलं नाही.

तर, दहा दिवस बोंबील बंद.
केसर वैती दारात टोपली उतरवून बसली.
"शंभर ग्रामसाठी?
त्यापेक्षा नखं काप तिची."
कोकम तिच्या पायांभोवती आठाचा आकडा काढत राहिली.
"आन् डेहराडूनला काय खानार ती?"
मी म्हटलं, दाणे मिळतात, पाकिटातले.
शिळ्या पापलेटाच्या कल्ल्यांकडे बघावं
तसं केसरने माझ्याकडे बघितलं.

लसीची वही मात्र अडली.
पहिल्या पानावर हेरंबचं अक्षर,
तिरकं, घाईतलं:
नाव कोकम. जात गावठी. रंग सांगता येत नाही.
मालक, आणि पुढे फक्त तो.
गेलो होतो तेव्हा दोघंही.
कोकम माझ्या ओढणीत होती,
पेन त्याच्या खिशाला.

डॉक्टर कुटिन्होंनी चष्मा कपाळावर चढवला,
काही विचारलं नाही.
एक सरळ रेघ ओढली,
वर माझं नाव लिहिलं, शिक्का मारला,
शिक्क्यावर फुंकर घातली.
कोर्टात याला अकरा महिने लागले होते.

मग म्हणाले, पिशवी आजपासूनच उघडी ठेवा घरात,
तिला ती आपली वाटली पाहिजे.
निघताना पोट हलकं. झोपेचं औषध अजिबात नको.
आणि आत, ओळखीच्या वासाचं एखादं कापड.

मी माझी ओढणी ठेवली. हुंगून निघून गेली.
उशीचा अभ्रा ठेवला. त्यावर पाय पुसले.
स्वेटर ठेवला, तिथल्या थंडीसाठी घेतलेला,
त्याला तर अजून दुकानाचाच वास.
तीन दिवस पिशवी हॉलच्या मधोमध
जांभई देत पडलेली.
मी तिला अडखळायची,
कोकम वळसा घालायची.

चौथ्या संध्याकाळी माळा आवरताना
स्कूटर पुसायचं फडकं सापडलं.
बनियन होतं ते कधीकाळी,
खांदे उसवलेले, ऑइलचे डाग.
टाकायच्या ढिगात टाकलं, हात धुतले, चहा ठेवला,
परत आले तर ढीग विस्कटलेला,
आणि कोकम ते दातांत धरून,
पिल्लू न्यावं तसं, पायांत येणारं,
पिशवीत ओढून नेत होती.

हेरंबला कळवावं का, असं आलं मनात.
काय कळवणार?
तुझं फडकं चाललंय डेहराडूनला?

रात्री साडेअकराचं विमान गेलं.
भांडी खुळखुळली.
पिशवीच्या अंधारातून, झोपेतच,
तो कटकट आवाज.
मी चेन लावली नाही.

दहाव्या दिवशी पुन्हा काटा,
पुन्हा मी वजा.
मांजर, पिशवी, फडकं, सगळं धरून
सहा किलो नऊशे पन्नास.
दोनदा बघितलं. मग जिन्यात वाकून
केसरला हाक मारली.
एकच करंदी, म्हटलं,
लहानातली बघून दे.