अर्धा आटा मागे

खजुरी बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात
अडतीस वर्षं मी लोकांच्या नाकावरचे पेच आवळतोय.
बाजरीच्या दाण्याएवढे पेच.
पडला की गुडघे टेकून
फरशीवरून लोहचुंबक फिरवायचं,
आणि वर गिऱ्हाईक आंधळ्यासारखं हसत उभं.

म्हणून बहिणीच्या नातीनं, अन्वितानं,
सुदामानगरच्या गच्चीवर, पौषातल्या थंडीत
बक्षिसाची दुर्बीण उभी केली आणि म्हणाली,
"आजोबा, हे हलून राहिलंय,"
तेव्हा वाटलं, हे तर आपलंच काम.

खोक्यात दोन नेत्रिका, एक तिरका आरसा
आणि एक कागद.
त्यात बाणांची चित्रं होती.
घट्ट म्हणजे किती, ते नव्हतं.

गुरू त्या रात्री नेमका माथ्यावर.
नळी उभी केली, अगदी उभी,
आरसा खालच्या टोकाला लोंबत.
मी म्हटलं थांब, माकडटोपी काढतो.
तेवढ्यात आरसा नेत्रिकेसकट सुटला.
आवाज फार मोठा नाही,
वाटी पडल्यावर होतो तेवढाच.
शेजारच्या गच्चीवरून दुबेबाई म्हणाल्या, "क्या गिरा?"
आम्ही दोघंही काही बोललो नाही.

खिशातल्या भिंगानं, मोबाइलच्या उजेडात पाहिलं.
काच शाबूत. कडेला टवका, तांदळाच्या कणीएवढा.
"कडेचं दिसत नाही," मी म्हणालो.
हे वाक्य मी दुकानात शेकडो वेळा बोललोय,
त्यातलं काही वेळा खोटं.

मग सतरंजीवर बसलो,
आणि मालकाच्या शिव्या खात
बोटांना जे कळलं होतं, ते पहिल्यांदा तोंडानं सांगितलं:
आधी पूस. तेलकट हातानं धरलेलं सरकतं.
नेत्रिका पूर्ण आत जाऊ दे, टेकल्याचं हाताला कळतं.
अर्धवट बसलेलीला कितीही आवळ, ती वाकडंच बघणार.
दोन पेच आहेत ना? एकावर सगळा भार नको.
ह्याला थोडं, त्याला थोडं, पुन्हा ह्याला.
बोटाच्या पेरानं. पक्कड आणलीस
तर आटा जाईल, आणि असला पेच मिळत नाही,
मी सियागंज पालथं घातलंय.
काढताना अर्धा आटा मागे, बस.
पूर्ण काढलास तर अंधारात जाईल,
आणि हा पितळेचा. पितळेला लोहचुंबक ओढत नाही.

आरसा तरी सैलच. नळजोडणीची पांढरी फीत आणली,
दीड वेढा दिला. बसला,
जरा कुरकुरत.
मी म्हटलं, नेलपॉलिश असेल तर आण,
दुकानात आम्ही पेचावर एक थेंब लावतो,
मग तो जन्मात सुटत नाही.
"पण सुटला तर पाहिजे ना," ती म्हणाली,
"दुसरी लावायची आहे."
आणि वेणीची रिबन सोडून
तिनं आरशाच्या मानेला एक गाठ मारली, नळीला दुसरी.
"पडला तर लटकेल."
हे मला सुचलं नसतं.

चष्मा काढून खिशात ठेवला. वाकलो.
आधी काहीच नाही, माझ्याच पापण्या.
मग शहराच्या एवढ्या उजेडातून
एक दुधट वाटोळा दाणा,
आणि त्याच्या ओळीत चार ठिपके,
कुठेच न आवळलेले, जागच्या जागी.

हळूहळू कडेकडे निघाले.
"हलून राहिलंय," मी म्हणालो.
"ते नाही आजोबा," ती म्हणाली, "आपण."

उठलो, चष्मा चढवला,
आणि डावी काडी हातात आली.
किती दिवस सैल होती कोण जाणे.
"हलू नका," अन्विता म्हणाली.
गुडघ्यांवर बसून
ती मोबाइलचा उजेड फरशीवर फिरवत राहिली,
आणि वर मी,
आंधळ्यासारखा हसत उभा.