अंगवळणी

"तू कोणाची गं?" अपोलोनिया विचारते,
आणि मी सांगते : नेझा. तुमच्या ब्लाझची बायको.
"लग्न झालं त्याचं?"
रोज तेवढाच आनंद, रोज माझ्या गालावर
नव्या सुनेचे दोन पापे.

सहा वर्षांपूर्वीच्या तापानं
मेंदूतला सागरघोडा मारला, दोन्ही बाजूंचा.
ल्युब्लियानाच्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरली.
आठवण आत घेणारं दार होतं, म्हणाल्या, ते हे.
मला दिसले दोन काळे डाग,
इद्रियाच्या खाणीची तोंडं दिसतात तसे.
सासरे तिथे पारा काढायचे.
म्हणायचे, पाऱ्यावर मूठ वळू नये,
तळहात सपाट ठेव, मग थांबतो जरा.

दुपारी ती गोल उशी मांडीवर घेते.
लाकडी रिळांच्या वीस जोड्या, टकटक टकटक,
वळव, ओलांड, टाचणी, वळव.
लेसचा हा नमुना मी मागच्या हिवाळ्यात आणला,
तिच्या तरुणपणी नव्हताच.
"हा मी कधी केला नाही," ती म्हणते
आणि बोटं केव्हाच पुढच्या वळणावर.
पहिल्या आठवड्यात चाळीस चुका. मी मोजल्या होत्या.
आता तीन.
खाली, तळाशी, काही गाठी असतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
त्या कोणाला विचारत बसत नाहीत.
मागे लहान मेंदू, तो ताल धरतो.
म्हणजे पुढचं दार बंद असलं तरी
परसदारानं सामान येतच राहतं.

जिन्याची तिसरी पायरी मोडली ती तापानंतर.
ती पडली, नडगी फुटली.
वण बघून विचारते, हे कधीचं?
ब्लाझनं ओकची नवी फळी ठोकली, तरी
तिथे पोचली की कठडा घट्ट,
पाय दुसरीवरून थेट चौथीवर.
का, तर म्हणे, "मोठी पावलं टाकावीत, गुडघ्यांना बरं."
बदामाएवढं काहीतरी आत अजून भितं आहे
आणि तिला कळू देत नाही.
(हल्ली मीही ती पायरी ओलांडते. मला काय धाड भरलीय?)

काल संध्याकाळी कॉफी तिनं ओतली.
"बस, बस. पाहुणी ना तू?"
ब्लाझचा कप, कान उजवीकडे.
तिचा, उजवीकडे.
माझ्यासमोर ठेवता ठेवता
तिनं कप अर्धा फिरवला,
कान डावीकडे.

मी डावखुरी आहे.
हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

"नाव काय म्हणालीस?" तिनं विचारलं.