तुसाची जागा

बस, तेजल.
आधी तो फोन पालथा ठेव.
फोटोतली ती मुलगी, तिच्या कडेवर कुणाचं तरी पोर,
मागं मावळता सूर्य –
ते काम नव्हे, ते कॅलेंडर.

एकतीस वर्षं खानापुरात मी टपाल वाटलं.
पासपोर्टाची पाकिटं सही घेऊन हातात दिली,
माझ्या नावाचं एकही आलं नाही.
म्हणून रविवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत,
वीज नसली तर पायरीवर,
पीयूसी झालेल्या पोरांना घेऊन बसतो.
लोक म्हणतात, म्हाताऱ्याला उद्योग नाही.
नाहीच की.

ही वही घे. उजव्या पानावर पैसे.
विमान, व्हिसा, विमा, लशी.
परतीचं तिकीट आधी लिही, जायचं नंतर.
संस्था दोन लाख मागते?
विचार, त्यातले त्या गावात पोचतात किती.
उत्तर गोड आलं आणि आकडा नाही आला
तर शिक्का मार : प्रेषकाकडे परत.

डाव्या पानावर दोनच प्रश्न.
तू जायच्या आधी हे काम कोण करत होतं?
तू निघून आल्यावर कोण करणार?

नंदगडचा सोहेल इथंच अडला.
दोन रविवार फिरकला नाही.
मग आला, म्हणाला,
काका, मी फुकट शिकवायला गेलो
की तिथल्या मास्तरची नोकरी जाणार की ओ.
तो गेला नाही.
आता सरकारी दवाखान्याच्या रांगेत
म्हाताऱ्यांना कानडी चिठ्ठ्या मराठीत वाचून दाखवतो.
मी वहीत त्याच्या नावापुढं ‘गेला’ असंच लिहिलंय.

तुला काय येतं?
‘काही नाही’ म्हणू नको, राग येतो मला.
कौलांच्या भट्टीवर वाढलीस तू.
गोळा दाबून सांगतेस, हा टिकेल, हा तडकेल.
कंबोडियात एक शेड आहे,
पाणी गाळायची मडकी करतात तिथं.
मातीत भाताचं तूस मळायचं. आपल्याकडं ढीग पडलेत तसलंच.
भट्टीत तूस जळून जातं
आणि त्याची जागा तेवढी उरते.
त्या रिकाम्या जागांतूनच
पाणी थेंब थेंब उतरतं, निवळ.
बाबा म्हणतात ना, वर्ष रिकामं जाईल?
त्यांना हे मडकं सांग. भट्टीवाला माणूस, कळेल.
नाही कळलं तर मी येतो चहाला.

‘कोणत्या भाषा येतात’, रकाना बोटाएवढा आहे.
तरी कोंबून भर सगळं.
घरात मराठी, बाजारात कन्नड,
शेजारच्या खालाशी उर्दू,
जांबोटीच्या मावशीशी मोडकी कोकणी,
आणि पाटीला काळं फासलं गेलं त्या दिवशी
बसस्टँडवर कोणत्या भाषेत गप्प उभं राहायचं, तेही.
हसू नको.
हे सगळ्या जिल्ह्यांत शिकवत नाहीत.
तिकडं पहिले तीन महिने तुला एवढंच लागणार :
ऐकायचं, चुकीचं बोलायचं,
लोक हसले की आपणही हसायचं.

अन् हो, कागद.
दाखल्यावर बेळगाव, आधारवर बेळगावी,
आडनाव एकीकडं बिर्जे, एकीकडं बिरजे.
आधी हे सारखं करून घे.
समुद्र कुणाला अडवत नाही, स्पेलिंग अडवतं.

काय गं, रडतेस कशाला?
अजून फॉर्मसुद्धा भरला नाहीस.
भीती वाटते, तेही लिही डाव्या पानावर,
पैशांच्या शेजारी नको, बेरीज चुकते.

पोचलीस की पत्र टाक.
फोन नको, फोनला काय हात लावायचा.
पत्ता कोणत्याही लिपीत लिही.
माझ्या जागेवर आलेल्या पोराला
तिन्ही वाचता येतात.
मीच शिकवल्यात, पायरीवर बसून.